एकाच संघातला माणूस पास देत नाही, तेव्हा

२४ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेड आणि एव्हर्टन या इंग्लिश क्लबांचा फुटबॉल सामना सुरू होऊन पंधरा मिनिटेही झाली नव्हती, तोच पंचांनी एव्हर्टनच्या इद्रिसा गुयेला लाल कार्ड दाखवून मैदानाबाहेर काढले. त्याने मारले होते ते प्रतिस्पर्ध्याला नव्हे, तर स्वतःच्याच संघातील बचावपटू मायकेल कीनला. एक चेंडू चुकीचा गेला, त्यावरून दोघांची जुंपली, कीनने त्याला ढकलले आणि गुयेचा हात कीनच्या गालावर पडला. दुसऱ्या दिवशी म्हापशाच्या बाजारात चहा घेताना माझ्या कानावर दोन प्रश्न आले. पहिला असा, की आपल्याच माणसावर हात उचलला तर त्यात पंचांचा काय संबंध? आणि दुसरा असा, की आपसात मारामारी करून दहा जणांवर आलेल्या एव्हर्टनने तो सामना १-० असा जिंकला कसा?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत संपते. फुटबॉलच्या नियमांत हिंसक वर्तनाला लाल कार्ड आहे, आणि ज्याला मारले तो प्रतिस्पर्धी आहे, सहकारी आहे की पंच आहे, याने त्या नियमात काही फरक पडत नाही. २००८ च्या डिसेंबरात स्टोक सिटीच्या रिकार्डो फुलरने आपल्याच कर्णधाराला थप्पड मारली होती, तेव्हाही हेच झाले होते. दुसऱ्या प्रश्नाला मात्र बराच वेळ लागतो, कारण त्याच्या पोटात एक तिसरा प्रश्न दडलेला आहे, जो गोव्यात फुटबॉल पाहणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी स्वतःला विचारलेला असतो: इतके चांगले खेळाडू असूनही हा संघ आपल्या योग्यतेइतका का खेळत नाही?

क्षमता म्हणजे काय, आणि ती गळते कुठून

फोंडा किंवा सत्तरी तालुक्यात ज्यांचे कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग आहे, त्यांना ही गोष्ट समजावण्याची गरजच नाही. झरीवर पाणी किती आहे, हा एक आकडा असतो, आणि शेवटच्या माडाच्या किंवा पोफळीच्या आळ्यात किती पोचले, हा दुसरा. मधला फरक पाटात जिरलेला असतो. कुठे खेकड्याने बीळ केलेले असते, कुठे पाला अडकून पाणी वरून सांडते, कुठे शेजाऱ्याने गुपचूप दगड सरकवलेला असतो. झर आटली म्हणून बोंब मारण्याआधी शहाणा माणूस पाटाच्या कडेने चालून येतो.

इव्हान स्टायनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये माणसांच्या गटांबद्दल जवळपास हेच सूत्र मांडले. गटाची प्रत्यक्ष कामगिरी म्हणजे त्याची संभाव्य क्षमता, वजा एकत्र काम करताना होणारी तूट. या तुटीला आपण ‘गळती’ म्हणू, कारण मूळ पारिभाषिक शब्द वापरून कोणाचेच भले होणार नाही. गळती दोन प्रकारची असते. माणसांचे एकमेकांशी वेळ-काळाचे गणित जुळत नाही, ही जुळणीची गळती. आणि माणूस मनापासून जोर लावत नाही, ही मनाची गळती.

त्याच्याही खूप आधी, मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढण्याचे प्रयोग केले होते, ज्यांचे निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. एकटा माणूस जितका जोर लावतो, तितका तो दोघांत लावत नाही, तिघांत त्याहून कमी, आणि आठ जण एकत्र ओढू लागले की त्यांचा एकूण जोर आठ जणांच्या सुट्या जोरांच्या बेरजेच्या जवळपास निम्म्यावर येतो, असे त्याला आढळले. किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचे मोठे जाळे, ओढताना ज्याने पाहिले आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. दोराला हात सगळ्यांचे असतात, पण पाय वाळूत कोणाचे रुतले आहेत, हे बाजूला उभ्या असलेल्या माणसाला बरोबर दिसते. रापणीत तर वाटे ठरलेले असतात आणि भांडण झाले तरी ते बहुधा मासळी किनाऱ्याला लागल्यावर होते. दोर ओढणाऱ्यांपैकी दोघांचे सकाळीच वाजलेले असेल, तर काय होईल?

क्रिकेटमध्ये जे खपते

आपल्याकडे खेळाबद्दलचा बराचसा विचार क्रिकेटवरून आलेला आहे, आणि इथेच घोटाळा होतो. क्रिकेट हा संघाचा खेळ असला, तरी तो एकास एक अशा लढतींची माळ आहे. एक गोलंदाज, एक फलंदाज, एक चेंडू. दोन फलंदाज एकमेकांचे तोंड पाहत नसले, तरी धावबाद होण्याचा धोका सोडला तर दोघेही आपापली शतके काढू शकतात आणि संघ जिंकू शकतो.

फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांच्या सामन्यात एका खेळाडूच्या पायात चेंडू जेमतेम दोन-तीन मिनिटे असतो. उरलेला सगळा वेळ तो चेंडूशिवाय खेळत असतो, आणि त्या काळात तो जे काही करतो ते दुसऱ्यासाठी असते. बचावपटूला आपल्या मागे ओढून नेणारी, चेंडू मिळणार नाही हे ठाऊक असूनही मारलेली धाव. सहकाऱ्याचा पास हुकेल या हिशेबाने आधीच चार पावले मागे येऊन उभे राहणे. पाठीमागून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याची त्याला वेळेत हाक देणे. (आमच्या मैदानांवर या हाका अर्थातच कोंकणीत असतात, मराठीत असतो तो दुसऱ्या दिवशीचा वृत्तांत.) वैर पहिल्यांदा या कामांना लागते, कारण ही कामे केली नाहीत तर कोणी पकडू शकत नाही. पास दिला नाही तर प्रेक्षक ओरडतात. धाव मारली नाही, हे प्रेक्षकांना कळतच नाही.

त्यात भर म्हणजे फुटबॉलमध्ये गोल फार थोडे होतात. सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून सरासरी अडीच ते तीन. बास्केटबॉलमध्ये चार हल्ले वाया गेले तर पुढच्या पाच मिनिटांत भरून निघतात; फुटबॉलमध्ये ज्या चार हल्ल्यांत समोरच्याचा गोलरक्षक एकटा सापडला असता, तेच वाया गेले की सामना गेला.

वहीतले शून्य

दोन वर्षांमागे पेडणे तालुक्यातील एका गावात आंतरग्राम स्पर्धेचा सामना पाहायला गेलो होतो. भात कापून झालेल्या शेताच्या कडेलाच मैदान, एका गोलामागे काजूची झाडे, दुसऱ्या गोलामागे ओहोळ, आणि चेंडू त्यात गेला की सामना दोन मिनिटे थांबायचा. यजमान गावाचे दोन आघाडीपटू त्या पंचक्रोशीत नावाजलेले होते. दोघांनाही आदल्या वर्षी एका मोठ्या क्लबने चाचणीला बोलावले होते आणि त्यांपैकी एकालाच पुन्हा बोलावणे आले. न निवडलेल्याची समजूत अशी, की चाचणीच्या दिवशी दुसऱ्याने मुद्दाम आपल्याला चेंडू दिला नाही. खरे-खोटे देव जाणे.

माझ्या शेजारी शाळेतून निवृत्त झालेले क्रीडाशिक्षक बसले होते. गावातला प्रत्येक खेळाडू त्यांच्या हाताखालून गेलेला. त्यांच्या मांडीवर शंभर पानी वही होती आणि तिच्यात ते दर काही वेळाने उभी रेघ ओढत होते. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. मला वाटले, गोलावरचे फटके मोजत असतील. मध्यंतराला मी वहीत डोकावलो, तर रकाने वेगळेच होते: सात ते नऊ, नऊ ते दहा, दहा ते सात.

“सर, हे कसले हो?”

“कोणी कोणाला चेंडू दिला, त्याचे.”

“आणि हा रकाना रिकामा कसा?”

“सातने दहाला. पूर्वार्धात एकदाही नाही.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “भांडण दिसत नाही म्हणता ना तुम्ही पेपरवाले? हे बघा, दिसते.”

सात आणि दहा म्हणजे तेच दोन आघाडीपटू. त्यानंतर मी फक्त सात क्रमांकाला पाहिले. उजव्या बगलेतून तो सुरेख आत यायचा, बचावपटूला चकवायचा, आणि समोर दहा क्रमांक मोकळा उभा असताना चेंडू पायाखाली घेऊन मागे वळवायचा, मधल्या फळीतल्या कोणाला तरी द्यायचा. त्यात कोणाला चूक दिसली नसती. पास बरोबरच होता, सहकाऱ्यालाच गेला होता, फक्त एका क्षणाने उशिरा आणि दहा यार्ड मागे. यजमान तो सामना ०-१ असा हरले आणि गावकऱ्यांनी नेहमीप्रमाणे पंचाला दोष दिला.

व्यावसायिक संघांत हेच काम आता कॅमेरे आणि संगणक करतात. कोणत्या खेळाडूने कोणाला किती पास दिले, याचे जाळे प्रत्येक सामन्यानंतर काढले जाते आणि मोठा संघ एका सामन्यात चारशे-पाचशे पास देतो, त्यामुळे रिकामा रकाना लपत नाही. सरांकडे वही होती, इतकाच फरक.

भांडण कशावरून, हे आधी विचारावे

सगळी भांडणे सारखी नसतात. गटांचा अभ्यास करणारे संशोधक कामावरून होणारा वाद आणि माणसावरून होणारा वाद असे दोन भाग करतात. ‘कॉर्नरला तू जवळच्या खांबापाशी का नव्हतास?’ हा पहिला. ‘तू कोण मला विचारणारा?’ हा दुसरा. हौशी नाटकाच्या तालमींत ज्यांनी रात्री काढल्या आहेत, त्यांना हा फरक चांगला ठाऊक असतो. प्रवेश कसा उभा करावा यावरून दिग्दर्शकाशी वाद घालणारा नट उपयोगाचा असतो. माझे नाव जाहिरातीत खाली का, यावरून रुसलेला नट जत्रेच्या रात्री नेमका उशिरा ‘एन्ट्री’ घेतो.

अडचण अशी, की पहिला वाद दुसऱ्यात कधी बदलतो ते कळत नाही. २ एप्रिल २००५ रोजी न्यूकॅसलच्या मैदानावर ॲस्टन व्हिलाविरुद्ध न्यूकॅसलचे ली बोयर आणि कीरन डायर हे दोघे एकमेकांवर मुठी घेऊन तुटून पडले. सुरुवात अगदी कामाच्या वादातून झाली होती: बोयरची तक्रार होती की डायर आपल्याला पास देत नाही. उत्तरात डायरने बोयरच्या खेळाची लायकीच काढली आणि तिथे वाद कामावरून माणसावर आला. सोडवायला धावला तो व्हिलाचा गॅरेथ बॅरी, म्हणजे प्रतिस्पर्धी. एक खेळाडू आधीच बाहेर गेला होता, हे दोघेही गेले, आणि तीन गोलांनी पिछाडीवर असलेल्या न्यूकॅसलने सामना आठ जणांनिशी संपवला. त्या वेळी हा संघ यूएफा कपच्या उपांत्यपूर्व फेरीत आणि एफए कपच्या उपांत्य फेरीत होता. महिन्याच्या मध्याला तीन दिवसांच्या अंतराने दोन्ही स्पर्धांतून तो ४-१ अशाच फरकाने बाहेर पडला आणि लीगमध्ये चौदावा आला. हे सगळे त्या मारामारीमुळे झाले, असे मी म्हणणार नाही. पण पास मिळत नाही ही तक्रार मैदानावर, हजारो प्रेक्षकांसमोर पहिल्यांदा इतक्या जोराने मांडली जाते, याचा अर्थ ती मांडायला आधी दुसरी जागा नव्हती, किंवा असूनही तिथे कोणी ऐकले नव्हते.

याउलट उदाहरण बायर्न म्युनिकचे. २०१२ च्या एप्रिलमध्ये रेआल माद्रिदविरुद्धच्या उपांत्य सामन्याच्या मध्यंतराला, फ्री किक कोणी घ्यायची यावरून फ्रांक रिबेरीने आर्यन रॉबेनवर हात उचलला. क्लबने रिबेरीला दंड केला, प्रकरण तिथेच मिटवले, आणि दोघेही आपापल्या बगलेत खेळत राहिले. वर्षभराने, २५ मे २०१३ रोजी वेम्बलीवर चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात एकोणनव्वदाव्या मिनिटाला रॉबेनने विजयी गोल केला. चेंडू त्याच्यापर्यंत आला होता तो रिबेरीच्या टाचेवरून.

मग भांडतात तरी कशाला? पैसे मिळतात ना!

हा आक्षेप मला सर्वांत जास्त ऐकायला मिळतो, आणि तो नेमका उलटा आहे. पैसे मिळतात म्हणूनच भांडतात.

व्यावसायिक संघात साधारण पंचवीस खेळाडू असतात आणि सामन्याची सुरुवात अकरा जण करतात. म्हणजे सरावाला रोज ज्याच्याबरोबर जेवायला बसायचे, तोच आपल्या जागेचा पहिला उमेदवार. खेळाडूची कारकीर्द पस्तिशीच्या आत-बाहेर संपते, करार दोन-तीन वर्षांचे असतात, आणि पुढचा करार किती रकमेचा होईल हे तो किती सामने खेळला आणि आघाडीपटू असेल तर त्याने किती गोल केले, यावर बरेचसे ठरते. सरकारी कचेरीत शेजारच्या टेबलावरच्या माणसाला बढती मिळाली, तर आपली जागा जात नाही. इथे जाते. असे असताना, पेनल्टी कोणी घ्यायची हा प्रश्न बाहेरच्याला पोरकट वाटतो, पण तो पोटाचा प्रश्न असतो. सप्टेंबर २०१७ मध्ये ल्याँविरुद्ध पॅरिसच्या संघातील नेमार आणि एदिन्सन कावानी यांच्यात पेनल्टीवरून जी ओढाताण साऱ्या जगाने पाहिली, तिच्यात प्रतिष्ठेचा भाग होताच, पण त्याहून मोठा दोष असा होता की पेनल्टी कोणाची, हे कोणीतरी आधी ठरवून सांगितलेले नव्हते. कावानीने ती घेतली, आणि गोलरक्षकाने अडवली.

पगारातील तफावतही अशीच मुरत जाते. रेआल माद्रिदने २००३ मध्ये बेकहॅमला आणले, आणि त्याच उन्हाळ्यात क्लोद माकेलेले चेल्सीला निघून गेला. तो गोल करत नसे, त्याचे छायाचित्र भिंतीवर लावत नसे कोणी. इतरांनी पुढे धाव घेतली की मागची मोकळी जागा राखणे हे त्याचे काम, आणि ताऱ्यांच्या मानाने पगार फारच कमी. वाढ मागितली, मिळाली नाही, गेला. पुढचे तीन हंगाम ताऱ्यांनी भरलेल्या त्या संघाला ला लिगा जिंकता आली नाही. इथे कोणी कोणाला मारले नव्हते, तरी गळती होतीच.

पण भांडूनही जिंकतातच की

जिंकतात. मँचेस्टर युनायटेडचे अँडी कोल आणि टेडी शेरिंगहॅम वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. कोलने पुढे स्वतःच सांगितले आहे की मार्च १९९५ मध्ये इंग्लंडसाठी पहिल्यांदा खेळताना तो शेरिंगहॅमच्या जागी मैदानात उतरत होता, तेव्हा शेरिंगहॅमने साधा हातही पुढे केला नाही, आणि ते त्याच्या मनात राहिले. १९९७ मध्ये शेरिंगहॅम युनायटेडमध्ये आला. १९९८-९९ च्या हंगामात याच संघाने लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग अशी तिन्ही विजेतेपदे मिळवली. मग गळतीचे आमचे सूत्र कुठे गेले?

ते इथेच आहे, फक्त जरा बारकाईने पाहावे लागते. त्या हंगामात कोलचा नेहमीचा जोडीदार शेरिंगहॅम नव्हता, ड्वाइट यॉर्क होता, आणि कोल-यॉर्क यांची जोडी अशी जमली होती की एकाने चेंडू सोडायचा आणि दुसऱ्याने तो घ्यायचा, हे न बघता घडत असे. बार्सिलोनात झालेल्या अंतिम सामन्यात शेरिंगहॅम ६७ व्या मिनिटाला आला आणि कोल ८१ व्या मिनिटाला बाहेर गेला. म्हणजे दोघे एकत्र मैदानावर होते सुमारे चौदा मिनिटे. बायर्नविरुद्धचे ते दोन प्रसिद्ध गोल भरपाई वेळेत झाले, तेव्हा कोल बाकावर बसलेला होता. युनायटेडचे प्रशिक्षक फर्ग्युसन यांनी त्यांची दिलजमाई केली नाही. त्यांना एकमेकांची गरज कमीत कमी पडेल, अशी रचना केली. शेजाऱ्याशी पटत नसेल तर दोन घरांचे पाट वेगळे काढावेत, तसे.

शिवाय मैत्री आणि एकजूट या एक वस्तू नाहीत. खेळाच्या मानसशास्त्रात माणसांबद्दलची आपुलकी आणि कामाबद्दलचे एकमत यांचा वेगवेगळा विचार केला जातो. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये आठ जणांच्या नौकेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या जर्मन चमूतला हान्स लेंक पुढे तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक झाला, आणि आपल्यासारख्या अव्वल चमूंत आतून तीव्र संघर्ष असूनही कामगिरी उंचावत गेली, हे त्याने लिहून दाखवले. मात्र नौकेत आठही जणांचे काम एकच असते, वल्हे एका तालात मारायचे. कोणाला वल्हे द्यावे आणि कोणाला देऊ नये, हे ठरवण्याची मुभाच नसते. फुटबॉलमध्ये ती मुभा दर सेकंदाला असते. एव्हर्टनच्या बाबतीत तर ज्या दोघांचे वाजले, त्यांपैकी एक तेराव्या मिनिटालाच बाहेर गेला. उरलेल्या दहांत वैर राहिले नाही, उलट आता प्रत्येकाने काय करायचे ते अगदी सोपे झाले: जागा राखा, चेंडू लांब मारा. त्यांचे प्रशिक्षक डेव्हिड मोयेस यांनी नंतर, चूक झाल्यावर एकमेकांना जाब विचारणारे खेळाडू आपल्याला आवडतात, अशा अर्थाचे बोलून प्रकरणाची धार काढून टाकली. हेही कौशल्यच.

तारे कमी करावेत काय

२०१४ मध्ये एक अभ्यास बराच गाजला. संघात अव्वल खेळाडूंचे प्रमाण वाढत गेले की कामगिरी एका मर्यादेपर्यंत सुधारते आणि नंतर घसरते, असे फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या आकडेवारीवरून त्याने मांडले. बेसबॉलमध्ये, जो आपल्या क्रिकेटसारखाच सुट्या लढतींचा खेळ आहे, ही घसरण दिसली नाही. ऐकायला हे फार पटते. पण पुढे इतर संशोधकांनी फुटबॉलची आकडेवारी नव्याने तपासली, तेव्हा त्यांना घसरण सापडली नाही; जास्त चांगले खेळाडू म्हणजे जास्त चांगला संघ, एवढेच निघाले. माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते. चांगला खेळाडू कधी जास्त होत नाही. एकाच जागेवर हक्क सांगणारे दोन झाले, की त्यांचा प्रश्न सोडवावा लागतो, आणि तो न सोडवता ‘तारेच फार झाले’ म्हणणे हे व्यवस्थापनाच्या सोयीचे असते.

आपल्याकडचा धेंपो घ्या. २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदे या क्लबने आर्मांदो कोलासो यांच्या मार्गदर्शनाखाली मिळवली. नाव नसलेले खेळाडू घेऊन नव्हे. क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा, समीर नाईक ही नावे आणि पुढे गोल करायला रँटी मार्टिन्स. तेच प्रशिक्षक, तोच गाभा, वर्षानुवर्षे. अशा संघात वाद होत नसतील असे नाही, पण वाद झाला तर तो कोणासमोर न्यायचा, हे सगळ्यांना ठाऊक असते. दर हंगामाला अर्धा संघ बदलणाऱ्या क्लबांना हे मिळत नाही, आणि आता बहुतेक क्लब तसेच आहेत.

हरल्यावर शोधलेली भांडणे

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी, विशेषतः आम्हा लिहिणाऱ्यांनी. संघ हरला की आतून काहीतरी बिनसले असणार, असा शोध सुरू होतो आणि शोधले की सापडतेच, कारण पंचवीस तरुण एकत्र राहतात तिथे कुरबुरी असतातच. तोच संघ जिंकला, तर त्याच कुरबुरींना आपण जिद्द म्हणतो. कोल आणि शेरिंगहॅम हरले असते, तर त्यांच्या अबोल्यावर आज अग्रलेख असते.

२० डिसेंबर २०१५ ची फातोर्ड्याची रात्र आठवा. इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात एफसी गोवा शेवटच्या काही मिनिटांत २-१ असा पुढे गेला होता, आणि शेवटी चेन्नईयिनने ३-२ असा जिंकला. तिथे बरोबरीचा गोल आपल्याच गोलरक्षकाच्या नावावर लागला. स्टेडियममधून बाहेर पडताना लोक लगेच आतल्या गोष्टी सांगू लागले होते. त्या गोलाला कोणाचे वैर लागत नाही. शेवटची मिनिटे, थकलेले पाय, समोर हार न मानणारा संघ आणि थोडे दैव, एवढे पुरते. गळतीचे सूत्र तेव्हाच लावावे, जेव्हा ती सामन्यामागून सामन्यात, एकाच जागी दिसते. सरांच्या वहीतला रकाना एकदा रिकामा राहिला तर तो योगायोग असू शकतो. त्या दोघांचा तो सलग चौथा सामना होता.

मिटवायचे कोणी

न्यूकॅसलचे प्रशिक्षक ग्रॅम सुनेस यांनी त्याच संध्याकाळी बोयर आणि डायर या दोघांना आपल्या दोन बाजूंना बसवून पत्रकारांसमोर माफी मागायला लावली. ते चित्र कोणी विसरलेले नाही, पण त्याने काय साधले ते सांगणे कठीण आहे. सक्तीची माफी ही जखमेवर लावलेल्या चिकटपट्टीसारखी, वरून व्यवस्थित.

त्यापेक्षा उपयोगी पडते ते आधी घेतलेले आणि उघडपणे सांगितलेले निर्णय. २००६ च्या विश्वचषकाआधी जर्मनीच्या गोलरक्षकाची जागा ऑलिव्हर कान आणि येन्स लेमान या दोघांना हवी होती आणि दोघांचे वैर जगजाहीर होते. प्रशिक्षक क्लिन्समान यांनी स्पर्धेच्या दोन महिने आधीच लेमानचे नाव जाहीर करून टाकले. कान दुखावला, पण अनिश्चितता संपली. ३० जून रोजी बर्लिनमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध पेनल्टींचा निकाल लागण्यापूर्वी कान स्वतः चालत लेमानपाशी गेला आणि त्याने त्याचा हात हातात घेतला. लेमानने दोन पेनल्टी अडवल्या.

आणि काही वेळा प्रशिक्षकाच्या इच्छेविरुद्ध खेळाडूंनाच पुढे व्हावे लागते. २०११ मध्ये माद्रिद आणि बार्सिलोना यांच्यातील सामने इतके विषारी झाले होते, की स्पेनच्या राष्ट्रीय संघात एकत्र खेळणारे लोकच एकमेकांचे शत्रू बनले. माद्रिदचा कर्णधार इकेर कासियासने बार्सिलोनाच्या चावीला आणि पुयोलला फोन केला. माद्रिदचे प्रशिक्षक मोरिन्यो यांना ते रुचले नाही. स्पेनने पुढच्या वर्षी युरो चषक जिंकला, अंतिम सामन्यात इटलीला ४-० असे हरवून, आणि त्याच वर्षीचा प्रिन्स ऑफ अस्तुरियास क्रीडा पुरस्कार कासियास आणि चावी यांना मिळून देण्यात आला. इंग्लंडच्या त्याआधीच्या गुणवान पिढीत असा फोन कोणी केला नाही. जेरार्ड, लॅम्पार्ड आणि रिओ फर्डिनंड यांनी निवृत्तीनंतर कबूल केले की क्लबांमधले वैर ते राष्ट्रीय संघाच्या छावणीतही घेऊन जात असत. २००२, २००४ आणि २००६ मध्ये तो संघ उपांत्यपूर्व फेरीतच थांबला आणि २००८ च्या युरोसाठी पात्रही ठरला नाही.

पेडण्याच्या त्या सामन्यानंतर सरांनी काय केले, हे मी पुढच्या आठवड्यात विचारले. त्यांनी दोघांना बोलावून समजावले नव्हते. ‘समजावले की दोघेही मान हलवतात’, एवढेच ते म्हणाले. त्यांनी फक्त वहीचे ते पान फाडून सात क्रमांकाच्या हातात दिले होते, काही न बोलता. पुढच्या सामन्याला मी पुन्हा गेलो. ओहोळाच्या बाजूने सात क्रमांक आत आला, क्षणभर थांबला, आणि चेंडू त्याने आडवा दहाच्या पुढ्यात सरकवला. सरांनी रेघ ओढली. दहा क्रमांकाने समोर रिकामा गोल असताना चेंडू बारच्या वरून थेट काजूच्या झाडांत मारला, आणि सात क्रमांक दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा राहिला. मग तोच चेंडू आणायला धावला.